साखराबाईच्या नावापुढचा फोटो

शिरूर अनंतपाळच्या अलीकडं दोन-तीन कोसांवर जे गाव आहे, तिथं साखराबाईला ओळखत नाही असं माणूस नाही. तसं ओळखायला काही मोठं कारणही नाही. पाच एकर रान, दोन म्हशी, नवरा व्यंकट पाच वर्षांपूर्वी वारलेला, आणि पोटच्यासारखा वाढवलेला पुतण्या सुदर्शन. पण मतदानाचा दिवस आला की ही बाई सकाळी सात वाजता शाळेच्या फाटकात उभी असायची. ग्रामपंचायत असो, जिल्हा परिषद असो, नाहीतर दिल्लीचं असो. एकदा तर धार काढायची सोडून आली, आणि म्हैस पुढं दोन दिवस तिच्यावर रुसून होती. मत कुणाला दिलं हे तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. व्यंकट खोदून खोदून विचारायचा आणि ती म्हणायची, की घरात माझं म्हणून एवढंच आहे, ते तरी राहू द्या.

अशा बाईनं मतदार यादीच्या तपासणीत आपला फॉर्म स्वतःच्या हातानं लोखंडी पेटीत दडवला आणि आपलं नाव खुशाल जाऊ दिलं. का, ते सांगायचं तर तीस वर्षं मागं जावं लागतं.

फोटोची मतदान कार्डं तेव्हा नवीनच निघाली होती. कॅमेरावाले एकाच दिवसापुरते शाळेत येणार, अशी दवंडी झाली. साखराबाई बाळंतीण होती, नववा दिवस. सव्वा महिन्याच्या आत बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, आणि कॅमेऱ्यापुढं तर मुळीच बसायचं नाही, असं सासूचं म्हणणं. लेकराला दृष्ट लागली तर कोण जबाबदार? सासऱ्याचं दुखणं वेगळंच. ज्याचं कार्ड नाही त्याचं रेशन बंद, असं तो उदगीरच्या बाजारातून ऐकून आला होता. ते साफ खोटं होतं, पण सरकारी कागद सगळे एकाच दाव्याला बांधलेले असतात ही समजूत त्या घरात पक्की होती. शेवटी सासूनंच तोड काढली. धाकट्या सुनेनं दोनदा बसायचं. एकदा स्वतःच्या नावानं, एकदा थोरलीच्या.

धाकटी रेणुका, नायगावकडची. वीस-एकवीस वर्षांची, हसायला निमित्त शोधणारी. तिनं आपला फोटो काढून घेतला, घरी आली, साखराबाईचं हिरवं इरकल नेसली, पदर कपाळावर ओढला आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहिली. कारकुनानं नाव विचारलं. साखराबाई म्हणून सांगितलं. नवऱ्याचं नाव? आता आली का पंचाईत! व्यंकट म्हणजे तिचा भाया, नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, आणि त्याचं नाव चारचौघांत नवरा म्हणून घ्यायचं. तिनं कसंबसं घेतलं आणि खाली बघून जी हसली, ते हसू जिरायच्या आत कॅमेरावाल्यानं फोटो काढला.

"आक्का, तुमच्या नावावर माझं तोंड देऊन आले," ती बाळंतिणीच्या खोलीच्या दारात बसून म्हणाली. दोघी जावा इतक्या हसल्या की सासू काठी घेऊन आली.

साखराबाईची ती मुलगी पाच महिन्यांची होऊन गेली. ताप काय, हगवण काय, दोन दिवसांत खेळ संपला. तिला त्यानंतर मूल झालं नाही. वर्षाच्या आत रेणुकाला मुलगा झाला तेव्हा रेणुकानं बाराव्या दिवशी तो आधी साखराबाईच्या ओटीत ठेवला आणि म्हणाली, की आक्का, हा दोघींचा. असं म्हणणाऱ्या बायका पुष्कळ असतात. रेणुका ते वागली. पोर दूध पिऊन झालं की साखराबाईकडं, निजलं की साखराबाईकडं. सुदर्शन दीड वर्षाचा असताना रेणुकाला कावीळ झाली. गावठी औषध चाललं, मग लातूरला नेली, सहाव्या दिवशी जीपमधून तिचं प्रेत घरी आलं.

रेणुकाच्या नवऱ्यानं, रामलिंगनं, वर्षभरात दुसरं लग्न केलं आणि तो उदगीरला डाळ मिलमध्ये कामाला गेला. जाताना आपली ट्रंक घेऊन गेला. त्यात लग्नाचा एकुलता एक फोटो होता आणि रेणुकाचं कार्डही होतं. नव्या बायकोच्या घरात जुन्या बायकोचा फोटो किती दिवस राहणार? पोर मात्र इथंच राहिलं. ते साखराबाईला माय म्हणायचं, आणि ती ओ द्यायची.

सुदर्शन सहावीत होता तेव्हाची गोष्ट. ती भाकरी थापत होती. तो दप्तर टाकून शेजारी बसला आणि म्हणाला, "माय, माझ्या जन्माच्या मायचा फोटो हाय का गं?"

"न्हाई," ती म्हणाली. हातातली भाकरीही थांबली नाही.

त्या 'न्हाई'त काय होतं, हे तिला तेव्हाच ठाऊक होतं. उगीच आपण तिला साधीभोळी ठरवू नये. भीती होती, आणि भीतीच्या पोटात मत्सर होता. ती कोवळी, देखणी, ओठांत हसू दाबून बसलेली बाई पोरानं एकदा पाहिली, की चुलीच्या धुरात बसलेली, दात पुढं असलेली आपण त्याला कोण वाटणार? एक लेकरू गेलं होतं. दुसरं एका फोटोपायी जाईल असं तिला वाटलं. मोठा झाला की देऊ, असं तिनं मनाशी ठरवलं. आणि असं ठरवलेलं एकदा लांबलं की लांबतच जातं.

दहावीच्या सुट्टीत तो कुणाला न सांगता उदगीरला बापाकडं गेला. फोटो न्हाई, कवाचाच हरवला, असं बापानं दारातच सांगितलं. तिथून पोर नायगावला मामाकडं गेलं. तिथं मामी म्हणाली, की बाबा, पोरींचे फोटो काढायची ऐपत कुणाची होती? तिसऱ्या दिवशी तो एसटीतून उतरला, घरात आला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला. मग म्हणाला, "जाऊ दे माय. तिचं तोंड कसं होतं इचारलं कुणी, तर तुझंच सांगीन आता."

पेटी तिथून चार हातांवर होती. पेटीत साखराबाईच्या नावाचं, रेणुकाच्या तोंडाचं कार्ड होतं. साखराबाई त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली आणि उठली नाही. त्या दिवशी उठायला हवं होतं. पुढं आयुष्यभर दुसऱ्या कुणी तिला बोल लावायची गरजच उरली नाही, इतकं ते तिचं तिनंच स्वतःला सुनावलं.

आधार कार्ड आलं ते तिच्या स्वतःच्या तोंडाचं. मतदानाला ती तेच न्यायची. गावची शाळा, गावचेच एजंट. साखराबाई आली म्हटलं की आली, तिचा फोटो कोण बघतो? पण गेल्या लोकसभेला बाहेरगावचा एक तरुण मास्तर टेबलावर होता. त्यानं यादीत बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि फोटो फारच जुना आहे म्हणून बोटाला शाई लावली. तेव्हा तिला कळलं की कार्डावरची रेणुका सरकारी यादीतही जाऊन बसली आहे. शाईचं बोट घेऊन ती घरी आली आणि त्या दिवशी तिनं जेवण केलं नाही.

आता सुदर्शन एकोणतीस वर्षांचा होता. पिकअप चालवायचा, आडतीचा माल उदगीर-लातूरला पोचवायचा, आणि उरलेल्या वेळात राजकारण करायचा. एका पक्षाचा तो गावातला बूथ एजंट होता; त्याच्या हाती यायची ती यादी मात्र बिनफोटोची, नुसत्या नावांची असायची. यादीची घरोघर तपासणी होणार असं जाहीर झालं आणि स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात दुसरा विषयच राहिला नाही. सुदर्शन टेबलावर बोट आपटून सांगायचा, की मेलेल्यांची नावं यादीत जिवंत आहेत, पुण्याला राहणाऱ्यांची नावं पुण्यातही आहेत आणि इथंही आहेत. ज्याचं नाव त्याचं तोंड, बस्स. ज्याचं तोंड जुळत नाही त्याला काढा.

समोर यासेर असायचा. शिरूरला त्याचं झेरॉक्सचं दुकान, दुसऱ्या पक्षाचा कार्यकर्ता, आणि सुदर्शनचा बालवाडीपासूनचा दोस्त. तो म्हणायचा, की बोगस नावं काढा, कोण नको म्हणतंय? पण माझी दादी, आबेदाबी, तिला कुठल्या साली जन्मली ते तिच्या मायला ठाऊक नव्हतं, तिनं कुठला दाखला आणायचा? ऊसतोडीला गेलेली माणसं फॉर्म भरायला कारखान्यावरून कशी येणार? "तू यादी झाडून राहिलास सुदर्शन, पर केरात दाणे बी जातेत," असं तो एकदा म्हणाला, तेव्हा हॉटेलवाल्यानंही मान डोलावली. दोघांचंही खरं होतं, म्हणून तर वाद मिटत नव्हता. घरी आला की सुदर्शन जेवता जेवता साखराबाईला सगळं सांगायचा. "आपल्या घरापासून सुरू करायचं माय, म्हंजी कुणाला बोलायला जागा न्हाई." ती मान डोलावून 'हाव' म्हणायची. मग ताट अर्धं सोडून पाणी आणायला उठायची.

अंगणवाडीतली आरती यादीच्या कामावर होती. घरोघर छापील फॉर्म देत ती एका दुपारी दारात आली. सुदर्शन माल घेऊन लातूरला गेला होता. आरतीनं दोन फॉर्म दिले, एक सुदर्शनचा, एक साखराबाईचा. एका कोपऱ्यात यादीतला फोटो छापलेला, शेजारी नवा चिकटवायला चौकोन. भरून ठेवा काकू, परवा नेते, फॉर्म आला न्हाई तर नाव जातंय, असं सांगून ती पुढच्या घरी गेली. छापलेला फोटो काळपट होता आणि आरतीला अजून साठ घरं करायची होती, तिनं निरखून बघितलं नाही.

साखराबाईनं बघितलं. कितीतरी वर्षांनी दिवसाउजेडी रेणुका तिच्यासमोर होती. पदर कपाळावर, नजर खाली, आणि ते भायाचं नाव घेतल्याचं हसू. साखराबाई बावन्न वर्षांची झाली होती, केस पांढरे, गुडघे गेलेले. रेणुका एकवीसचीच. तिनं फॉर्मवरून पदर फिरवला, जणू त्यावर धूळ बसली होती, आणि तो पेटीत तळाला कार्डापाशी ठेवला.

संध्याकाळी सुदर्शननं विचारलं, तर ती म्हणाली, की माझा मी अंगणवाडीत जाऊन भरून आले. त्यानं शंका घ्यायचं कारणच नव्हतं. मायनं आजवर त्याला खोटं सांगितलं नव्हतं, असं त्याला वाटत होतं. सांगितल्या दिवशी आरती आली तेव्हा साखराबाई रानात होती. नंतर दोनदा आली तेव्हाही रानातच होती.

मत जाणार हे तिला कळत होतं. रात्रंदिवस ते मनात घोळत होतं असंही नाही. पण म्हशीखाली बसली की एकदम आठवायचं, आता शाळेच्या फाटकात उभं राहायचं नाही. जाऊ दे. नाव गेलं तर गेलं. पोर राहिलं म्हणजे झालं. असा तिनं सौदा केला आणि आपल्यापरीनं तो पुरा केला.

पण नवी यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली आणि सगळं उलटलं. नाव नाही हे आधी यासेरला दिसलं. दोस्ताला खिजवायची अशी संधी तो सोडतो कशाला! हॉटेलात सगळ्यांदेखत म्हणाला, "काय एजंट, तुमच्या मायलाच बोगस ठरवलं की."

सुदर्शनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच तो अंगणवाडीत गेला आणि लेकरांसमोर आरतीला नको नको ते बोलला. फॉर्म कुठं टाकलास? कुणाच्या सांगण्यावरून टाकलास? आरती शपथा घेत राहिली, की फॉर्म काकूंच्या हातात दिला, परत मिळाला नाही, तीनदा गेले. त्यानं ऐकलं नाही. तहसीलमध्ये अर्ज दिला. आरतीला नोटीस निघाली. यासेरला खिजवल्याचं वाईट वाटलं असावं; तोच पुढं झाला, अर्ज त्यानंच टाइप करून दिला, आणि साखराबाईला दारात बसवून त्यानं मोबाईलवर व्हिडिओ काढला. जिवंत बाई, तीस वर्षं मतदान करणारी, यादीत नाही. तो व्हिडिओ तालुकाभर फिरला. एका पक्षानं खाली लिहिलं, बघा गरिबांची नावं कशी कापतात. दुसऱ्यानं लिहिलं, बघा यादीत किती घोळ होता, म्हणून तपासणी हवी. ती बाई स्वतः काय म्हणते, हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही. व्हिडिओत ती काही बोलतही नव्हती. नुसती जमिनीकडं बघत होती, आणि लोकांना ते दुःख वाटलं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी आरती घरी आली. डोळे सुजलेले. भांडायला नव्हती आली. एवढंच म्हणाली, "काकू, म्या तुमच्या हातात दिला होता ना फॉर्म? तुमी एकदा हाव म्हणा. माझी नोकरी जायलीय." साखराबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. आरतीच्या बाळंतपणात रात्रभर तिच्या उशाला बसली होती ती. तिनं आरतीचा हात धरला, आणि तोंडातून शब्द फुटायच्या आधी बाहेर पिकअपचा आवाज आला. आरती डोळे पुसून मागच्या दारानं गेली.

तहसील कचेरीत नायब तहसीलदारांसमोर पाचजण होते. सुदर्शन, साखराबाई, खाली मान घातलेली आरती, कागदांची फाईल घेऊन यासेर, आणि कॉम्प्युटरवर कारकून. साहेब वैतागलेले होते, बाहेर पन्नास माणसं खोळंबली होती. त्यांनी फार लांबण लावली नाही. बाई समोर आहे, आधार आहे, नाव परत घेऊ; जुनी नोंद काढा म्हणून त्यांनी कारकुनाला सांगितलं. कारकुनानं नंबर घातला आणि पडदा त्यांच्याकडं वळवला.

साखराबाईनं डोळे मिटले.

सुदर्शन पुढं वाकला. बघत राहिला. मग हसला, पुरावा हाती लागल्यासारखा. "बघा साहेब, हाच तर घोळ म्या सांगून राहिलो. ही माझी माय न्हाई. ही कोण बाई हाय, कुठली हाय, काय ठाव. माझ्या मायच्या नावावर कुणीतरी भलतीच बसवलीय. बोगस हाय ही. काढा हिला."

साहेबांनी दोन तोंडांकडं आळीपाळीनं बघितलं आणि मान हलवली. फोटो चुकीचा आहे हे कुणालाही दिसत होतं. हा काढून टाका, बाईचा नवीन घ्या, असं ते म्हणाले, आणि कारकुनाचा हात माऊसवर गेला.

आजवर साखराबाईला वाटत होतं, की पोरानं ते तोंड बघितलं की आपण संपलो. पोर ते तोंड बघून त्याला बोगस म्हणेल, हाकलून लावा म्हणेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. बारा दिवसांचं लेकरू ओटीत ठेवणारी ती रेणुका. तिला तिच्याच पोरानं भर कचेरीत 'कुठली कोण' म्हटलं, आणि त्यात पोराची काही चूक नव्हती.

"थांबा," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की आरतीलाच तेवढा ऐकू गेला. तिनं कारकुनाचा हात धरला. "थांबा, भाऊ. काढू नका." आणि सुदर्शनकडं न बघता पडद्याकडं बघत म्हणाली, "तीच हाय. तुझी माय. रेणुका."

तिनं सगळं सांगितलं, अडखळत, मागचं पुढं करत. बाळंतपण, इरकल, दोनदा बसणं. आरतीची चूक नाही, फॉर्म माझ्या पेटीत आहे, हेही सांगितलं. आरती तोंडाला पदर लावून रडायला लागली. यासेरनं फाईल खाली ठेवली. सुदर्शन पडद्यापासून हलला नाही. आधी ज्या बाईकडं तो हसून बघत होता तिच्याकडंच तो आता बघत होता, आणि त्याचा खालचा ओठ लहान पोरासारखा हलत होता. फोटोतल्या बाईचा आणि त्याचा ओठ एकच होता. ते आता यासेरलाही दिसलं.

त्यानं विचारलं, "कार्ड बी हाय?"

"हाव. पेटीत."

"कवापासून?"

"पहिल्यापासून."

"म्या उदगीरहून आलो होतो. तुझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलो होतो. तवा बी होतं?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. तिनं ती घेतली नाही. "हाव," ती म्हणाली. "तवा बी होतं."

तो पुन्हा पडद्याकडं वळला. शिव्या दिल्या असत्या, ओरडला असता, तर तिनं ते आनंदानं झेललं असतं. साहेबांनी घसा साफ केला. नियमानं फोटो बदलावाच लागेल, एका नावावर दुसऱ्याचा फोटो ठेवता येणार नाही, असं ते जरा मऊ आवाजात म्हणाले. यासेरनं सुदर्शनच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, की आज राहू दे, दोन दिवसांनी येऊ.

"न्हाई," सुदर्शन म्हणाला. "बदला साहेब. माझ्या मायचं तोंड दुसऱ्याच्या नावावर नको."

साखराबाईला भिंतीपाशी स्टुलावर बसवलं. कारकून म्हणाला, बाई, समोर बघा, हलू नका. तिनं समोर बघितलं. समोर सुदर्शनची पाठ होती. पडद्यावर रेणुका एक क्षण होती आणि मग तिच्या जागी पांढऱ्या केसांची, सुजल्या डोळ्यांची म्हातारी आली. कारकुनानं नाव आणि तोंड पुन्हा एकदा ताडून बघितलं आणि जुळलं म्हणून सांगितलं. आरतीची नोटीस साहेबांनी तिथंच रद्द केली.

घरी पोचल्यावर तिनं पेटीतून कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. तो ते घेऊन ओसरीवर बसला, दिवस मावळेपर्यंत. तिनं भाकरी केली, वाढली, ती तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी तो लातूरला गेला आणि कार्डावरचा फोटो मोठा करून, काचेत घालून आणला. भिंतीवर खिळा ठोकला, हार घातला. फोटो डागाळलेला होता, मोठा करून आणखीच पुसट झाला होता, पण हसू तेवढं राहिलं होतं. तो रोज सकाळी त्याला उदबत्ती लावायचा. साखराबाईशी वाईट वागला नाही. गुडघ्याचं औषध आणून द्यायचा, म्हशीचं चारापाणी बघायचा, घर सोडून गेला नाही. बोलायचा फार थोडं, आणि हाक मारायची वेळ आलीच तर हाक न मारता समोर येऊन उभा राहायचा. ती त्याच्या हाकेची वाट बघत राहायची. रानात असली की कुणी कुणालाही माय म्हणून हाक मारली तरी तिची मान वळायची.

पुढं जिल्हा परिषदेचं मतदान आलं. स्टँडवरच्या हॉटेलात तोच वाद होता, फक्त सुदर्शन आता त्यात फारसा बोलत नसे. त्या सकाळी साखराबाई नेहमीसारखी सात वाजता निघाली. मत द्यायची तिला तेवढी ओढ नव्हती. शाळेच्या फाटकाबाहेर एजंटांची टेबलं असतात, तिथं तो चिठ्ठ्या देत बसलेला असणार, आणि चारचौघांत तरी त्याला तिला काहीतरी म्हणावं लागणार, ही आशा होती. ती रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला. त्यानं यादीवरून बोट फिरवलं, तिच्या नावापाशी थांबवलं, चिठ्ठी फाडली आणि मान वर न करता तिच्या पुढं धरली.

"हे घ्या, काकू," तो म्हणाला. "तुमचं मतदान खोली नंबर दोनमध्ये."